"घेऊन बघ, तोटा तर काही नाही ना?" : गरोदरपणातली साखर आणि प्रोबायोटिक

२०१७ सालची गोष्ट. मी पीएचडीला नुकतीच लागले होते आणि एका संध्याकाळी ताईचा फोन आला. तिला सव्विसावा आठवडा चालू होता. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त दिलं, साखर १५२ आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, गरोदरपणातला मधुमेह आहे. आहाराचा तक्ता मिळाला, जेवणानंतर चालायला सांगितलं. ते सगळं ती करणारच होती. तिचा प्रश्न वेगळा होता. एका मैत्रिणीने तिला प्रोबायोटिकची पाकिटं सुचवली होती. "अगं, तू तर दिवसभर पोटातले जंतूच बघतेस ना? घेऊ का ती?"

मी दिवसभर पोटातले जंतूच बघते हे खरं आहे. लोकांच्या विष्ठेच्या नमुन्यांतून डीएनए काढायचा आणि त्यात कोणकोणते जीवाणू आहेत ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. (जेवताना कुणी कामाबद्दल विचारलं की मी हवापाण्याच्या गप्पा सुरू करते.) तेव्हा मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात मी तिला सांगून टाकलं, "घे की. फायदा नाही झाला तरी तोटा काय होणार आहे?"

या उत्तराचा शेवटचा भाग मी आज म्हणणार नाही. मधल्या काळात काय काय समजलं ते या लेखात सांगते. पण त्याआधी या मधुमेहाविषयी थोडं.

गरोदरपणात, विशेषतः पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर, आईच्या शरीरातल्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात. हे प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत होतं, आणि ते बाळाच्या सोयीचंच असतं. वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या पेशींना जणू सांगतात की साखर सगळी तुम्हीच संपवू नका, थोडी रक्तात राहू द्या, बाळाला लागणार आहे. आईचं स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन बनवून तोल सांभाळतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला हा वाढीव भार झेपत नाही, त्यांच्या रक्तात साखर साठू लागते. तोच गरोदरपणातला मधुमेह. त्याचा परिणाम म्हणून बाळ प्रमाणाबाहेर मोठं होऊ शकतं, प्रसूती अवघड होते, जन्मल्यावर बाळाची साखर अचानक उतरू शकते. आईला पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याचा धोकाही कितीतरी पटींनी वाढतो.

आपल्याकडे निदानाची पद्धत सोपी ठेवलेली आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, आधी जेवलेली असो वा उपाशी, आणि दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरायचा. इतर अनेक देशांत उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ असे वेगळे आकडे वापरतात. यातला कोणताच आकडा निसर्गाने आखून दिलेला नाही. नऊ देशांतल्या सुमारे २३ हजार गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की साखर जशी वाढते तसा धोकाही हळूहळू वाढत जातो. इथपर्यंत सुरक्षित आणि इथून पुढे धोका, अशी रेघ कुठेच सापडली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जीवाणूंचा या सगळ्याशी काय संबंध? आपल्या आतड्यात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, अंदाजे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. भाकरीतला, डाळीतला, भाजीतला जो तंतुमय भाग आपल्याला पचवता येत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि भूक व इन्सुलिन यांच्याशी संबंधित संप्रेरकांना चालना देतात. दुसरीकडे, काही जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातले रेणू अस्तरातून झिरपून रक्तात आले, तर शरीराची संरक्षण यंत्रणा चिडते, हलका पण सततचा दाह सुरू होतो आणि पेशी इन्सुलिनला आणखीच कमी दाद देतात. म्हणजे जीवाणूंपासून साखरेपर्यंत वाट आहे, इतकं नक्की. गरोदरपणात त्या वाटेवर किती रहदारी असते, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नावरचा सगळ्यात गाजलेला शोधनिबंध २०१२ चा, ओम्री कोरेन आणि रूथ ली यांच्या गटाचा. त्यांनी फिनलंडमधल्या ९१ गरोदर स्त्रियांचे विष्ठेचे नमुने पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत घेतले. शेवटच्या तिमाहीत जीवाणूंची विविधता घटली होती आणि त्यांची एकूण मांडणी पार बदललेली होती. मग त्यांनी हे नमुने जंतुविरहित उंदरांना दिले. जंतुविरहित म्हणजे जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेले, ज्यांच्या आतड्यात एकही जीवाणू नाही असे. शेवटच्या तिमाहीतले जीवाणू मिळालेले उंदीर, पहिल्या तिमाहीतले जीवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा जास्त चरबी साठवू लागले आणि इन्सुलिनला कमी दाद देऊ लागले. हे उंदीर गाभण नव्हते! वार नाही, संप्रेरकं नाहीत, नुसते जीवाणू इकडचे तिकडे केले आणि गरोदरपणातल्या बदलाची एक छोटी नक्कल उंदरात उतरली.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री बारा वाजता मैत्रिणीला मेसेज केला होता. आजही तो मला आवडतो. पण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. हा बदल निरोगी स्त्रियांमध्येही दिसला होता. म्हणजे तो आजाराचा नव्हे, गरोदरपणाचाच भाग असू शकतो. पुढे २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने जवळपास दर आठवड्याला नमुने घेऊन पाहिलं, तर त्यांना गरोदरपणात आतड्यातले जीवाणू बऱ्यापैकी स्थिरच दिसले. फिनलंडमध्ये दिसलेली उलथापालथ तिथे नव्हतीच. दोन्ही गट चांगले, दोन्ही ठिकाणी काम काळजीपूर्वक केलेलं. आहार वेगळा, माणसं वेगळी, मोजण्याची पद्धत वेगळी. आमच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे आणि दरवेळी तितकंच वैताग आणणारंही.

मधुमेहापुरता प्रश्न थोडा पुढे सरकला तो २०२३ मध्ये. कोरेन यांच्याच गटाने इस्रायलमधल्या ३९४ स्त्रियांचे नमुने पहिल्या तिमाहीत, म्हणजे कुणालाही मधुमेहाचं निदान झालेलं नसताना, घेऊन ठेवले. पुढे ज्यांना मधुमेह झाला त्यांच्या त्या जुन्या नमुन्यांत छोटी आम्लं कमी होती आणि रक्तात दाहाची खूण असलेली प्रथिनं जास्त होती. त्यांचे ते पहिल्या तिमाहीतले जीवाणू जंतुविरहित उंदरांना दिल्यावर उंदीरही इन्सुलिनला कमी दाद देऊ लागले. आधी जीवाणू बदलले आणि मग साखर वाढली, असा क्रम इथे दिसतो. जीवाणूंचा यात काही हात असावा, असं आज मी म्हणेन ते याच्या आधारावर.

पण कारणात हात असणं आणि पाकीट पाण्यात घोळून ते कारण दूर करता येणं, यात फार अंतर आहे.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात जीवाणूचं वाण महत्त्वाचं असतं. तांदूळ तांदूळच, पण आंबेमोहोर वेगळा आणि इंद्रायणी वेगळा, तसं एकाच जातीच्या जीवाणूंची वाणं वेगवेगळी वागतात. "लॅक्टोबॅसिलस आहे यात" एवढं सांगणं म्हणजे नुसतं "तांदूळ आहे" असं सांगण्यासारखं झालं.

गरोदरपणातल्या मधुमेहावर प्रोबायोटिक चालेल ही आशा जागी झाली ती फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या चाचणीमुळे. २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. २५६ स्त्रिया, तीन गट. एका गटाला आहाराचा सल्ला आणि दोन वाणांचं प्रोबायोटिक, दुसऱ्याला आहाराचा सल्ला आणि तशीच दिसणारी पण जीवाणू नसलेली कॅप्सूल, तिसऱ्याला सल्लाही नाही आणि जीवाणूही नाहीत. मधुमेहाचं प्रमाण अनुक्रमे १३, ३६ आणि ३४ टक्के. छत्तिसावरून तेरा! २०१७ मध्ये ताईला उत्तर देताना माझ्या डोक्यात हाच आकडा होता.

हा आकडा मी तेव्हा ज्या उत्साहाने वाचला त्यात दोन गोष्टी सुटल्या. एक तर, आहाराचा सल्ला न देता फक्त प्रोबायोटिक दिलेला गट या चाचणीत नव्हताच. त्यामुळे पाकीट एकटं काय करतं हे यातून कळत नाही. दुसरं, तुर्कूच्या स्त्रियांनी प्रोबायोटिक पहिल्या तिमाहीत सुरू केलं होतं, मधुमेह होऊ नये म्हणून. ताईला तो झालेला होता. मी प्रतिबंधाची चाचणी उपचारासाठी वापरून मोकळी झाले.

त्याच वर्षी न्यूझीलंडमधली एक चाचणी आली. ४२३ स्त्रिया, वाण वेगळं. तिथल्या स्थानिक निकषांप्रमाणे मधुमेह मोजला तर प्रोबायोटिक गटात २.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.५ टक्के. छान. पण आंतरराष्ट्रीय आकडे लावले की एकूण गटातला हा फरक ठाम राहिना. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते इथे लागू होतं. रेघ थोडी सरकवली आणि औषध "चालतं"चं "सांगता येत नाही" झालं.

मग २०१९ मध्ये ब्रिस्बेनचे निष्कर्ष आले. तुर्कूत वापरलेलीच दोन वाणं, ४११ स्त्रिया, सगळ्या जास्त वजनाच्या. प्रोबायोटिक गटात मधुमेह १८.४ टक्के, दुसऱ्या गटात १२.३ टक्के. उलटंच! हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच आहे, त्यामुळे "प्रोबायोटिकने मधुमेह वाढतो" असं कुणी म्हणू नये. पण छत्तिसावरून तेरावर आणणारी जादू इथे नव्हती, हे उघड आहे. त्याच वर्षी खुद्द तुर्कूमध्ये ४३९ जास्त वजनाच्या स्त्रियांवर प्रोबायोटिक आणि माशाचं तेल वापरून नवी चाचणी झाली. तिच्यातही मधुमेहाच्या प्रमाणात फरक पडला नाही.

ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांच्याविषयी लवकर सांगून टाकते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. इराणमधल्या काही छोट्या चाचण्यांत, उदाहरणार्थ ६० स्त्रियांवर सहा आठवडे केलेल्या एका चाचणीत, उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. आयर्लंडमध्ये १४९ जणींवर वेगळं वाण वापरून केलेल्या चाचणीत साखरेवर परिणाम झाला नाही. सगळ्यांना एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात नऊ चाचण्या मिळून ६९५ स्त्रिया होत्या. बाळ-बाळंतिणीच्या तब्येतीत ठोस फरक पडतो की नाही, हे त्यावरून ठरवता आलं नाही.

आता त्या "तोटा काय होणार आहे" कडे येते. कॉक्रेनचाच २०२१ चा आढावा प्रतिबंधाविषयी होता. सात चाचण्या, १,६४७ स्त्रिया. मधुमेह टाळण्याबाबत निर्णय अधांतरीच राहिला. पण चार चाचण्यांत, ९५५ स्त्रियांमध्ये, एक वेगळीच गोष्ट मोजली होती: प्रीएक्लॅम्प्सिया. म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढणं आणि त्यासोबत लघवीतून प्रथिनं जाणं किंवा इतर अवयवांवर ताण येणं. हा आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकणारा आजार आहे. प्रोबायोटिक घेतलेल्या गटांत त्याचं प्रमाण १.८५ पट होतं.

हा आकडा घाबरवण्यासाठी वापरणं सोपं आहे, म्हणून जरा थांबून बघू. १.८५ हा मधला अंदाज. खरी किंमत १.०४ ते ३.२९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. खालचं टोक एकाला जवळपास चिकटलेलं आहे, आणि एक म्हणजे काहीच फरक नाही. प्रत्यक्षात किती बायका म्हणाल, तर ब्रिस्बेनच्या चाचणीत शंभरात सुमारे नऊ विरुद्ध पाच. असं का व्हावं याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण अजून नाही. चाचण्यांतल्या बऱ्याच स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या आणि त्यांना हा धोका मुळातच जास्त असतो. शिवाय हा हिशोब प्रतिबंधाच्या चाचण्यांचा, त्यामुळे ताईला तो जसाच्या तसा लागू होत नाही. एवढं सगळं म्हणूनसुद्धा आढावा लिहिणाऱ्यांनी या पुराव्याला वरची श्रेणी दिली आणि गरोदरपणात प्रोबायोटिक देताना सावध राहायला सांगितलं. फायदा सिद्ध नाही आणि तोट्याची शंका आहे, हे "फायदा नाही झाला तरी तोटा काय" याच्या नेमकं उलट आहे.

उंदरांमध्ये इतकं छान जमलेलं माणसांत का जमलं नाही? माझ्या मते मुख्य अडचण जागेची आहे. जंतुविरहित उंदराचं आतडं म्हणजे रिकामं शेत, जे पेराल ते उगवतं. आपलं आतडं म्हणजे ऐन गर्दीतली लोकल. तुर्कूच्या कॅप्सूलमध्ये प्रत्येक वाणाचे रोज एक हजार कोटी जीवाणू होते, म्हणजे दोन्ही मिळून दोन हजार कोटी. ऐकायला प्रचंड. पण आधीच बसलेले ३८ लाख कोटी! जवळजवळ दोन हजारांत एक. इस्रायलमधल्याच दुसऱ्या एका गटाने २०१८ मध्ये दुर्बीण घालून लोकांच्या आतड्याच्या अस्तरावरून नमुने घेतले, तेव्हा दिसलं की काहींच्या आतड्यात प्रोबायोटिकचे जीवाणू टिकतात आणि काहींच्या आतड्यात सरळ बाहेर ढकलले जातात. विष्ठेत ते दिसले म्हणजे आत मुक्कामाला राहिले असं नाही. कदाचित नुसते प्रवास करून गेले असतील.

आणि या चाचण्या कुणावर झाल्या, हेही बघायला हवं. वर सांगितलेल्या मोठ्या चाचण्या फिनलंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या. ब्रिस्बेनसारख्या ठिकाणी स्त्रिया निवडल्या त्या बीएमआय बघून. आपल्याकडे हे माप फसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. माझी ताईही बारीकच आहे. "तुला कसा काय मधुमेह?" हे तिने इतक्यांदा ऐकलं की शेवटी ती उत्तर द्यायची बंद झाली. ब्रिस्बेनच्या चाचणीत तिला प्रवेशसुद्धा मिळाला नसता. तेव्हा तिथला निष्कर्ष, चांगला असो वा वाईट, आपल्या बायकांना किती लागू पडतो हे इथे चाचण्या केल्याशिवाय कळणार नाही.

ताईने पाकिटं महिनाभर घेतली. त्यांनी काही झालं की नाही, हे एका बाईवरून सांगता येत नाही. तिच्या रक्तदाबाला काही झालं नाही हे आमचं नशीब. साखर आटोक्यात आली ती आहार, रोजचं चालणं आणि शेवटचे काही आठवडे इन्सुलिन यांनी. तुम्हाला किंवा घरात कुणाला हे निदान झालं असेल तर आजही भर याच गोष्टींवर आहे. कुणी प्रोबायोटिक सुचवलं तर वाण कोणतं, ते कशासाठी, आणि माझा रक्तदाब बघता चालेल का, हे तिन्ही प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारा. दुकानदाराला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या बहिणीला नको.

मी हे सगळं ताईला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे दहीपण बंद करायचं?" नाही. या चाचण्यांत दिली होती ती मोजून घेतलेली, ठरावीक वाणांची प्रोबायोटिक, घरचं दही नव्हे. घरच्या विरजणात कोणते जीवाणू किती आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून त्याला काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक म्हणत नाहीत. कढी उकळली की तेही मरतात. पण साखर न घातलेलं वाटीभर दही हे चांगलं अन्न आहे, प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. औषध म्हणून नव्हे, दही म्हणून खा.

आणखी एक. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, तीच ७५ ग्रॅमवाली चाचणी. बाळाच्या लसीच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात, ही तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही. ताईची राहून गेली होती. तिने ती दोन वर्षांनी केली, आणि आता दरवर्षी करते.